जमिनीत पुरलेले आकाशक

मराठी परिभाषेत अँटेनाला ‘आकाशक’ असा शब्द आहे. उंच मनोरा, दोन खांबांमध्ये ताणलेली तार, कौलांवर उभी केलेली जाळी अशी रूपे त्या शब्दाबरोबर डोळ्यांपुढे येतात. तार मात्र जमिनीत हात-दीड हात खोल पुरली तरी तिच्यातून रेडिओ संदेश हवेत जातो आणि हवेतला संदेश तिच्यात उतरतो. तो किती जातो आणि कुठवर पोहोचतो, हे मुख्यतः त्या तारेवर पसरलेल्या मातीवर ठरते. या गोष्टीसाठी रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा ही दोन गावे सोयीची आहेत. लोहमार्गाने त्यांच्यात चाळीसेक किलोमीटरचे अंतर आहे, पण दोन्हींच्या जमिनी अगदी निराळ्या. पेणच्या पश्चिमेला धरमतरच्या खाडीपर्यंत खारेपाट पसरला आहे. बंधारे घालून समुद्राकडून मिळवलेली ही चिकण जमीन. उघाडी, म्हणजे बंधाऱ्यातले पाण्याचे दार, फुटली की भरतीचे पाणी आत शिरते आणि माती पुन्हा खारी होते. रोह्याला कुंडलिकेच्या दोन्ही बाजूंना डोंगर उठतात आणि थोडे खणले की मुरूम आणि त्याखाली काळा कातळ लागतो. एकच तार या दोन ठिकाणी पुरली तर ती दोन वेगळ्या अँटेनांसारखी वागेल. हे का घडते ते समजायला शास्त्रज्ञांना जवळपास शंभर वर्षे लागली. त्या शतकातला एक महत्त्वाचा टप्पा पेणपासून पंचवीस किलोमीटरवर, अलिबागला, घडला.

जमीन वीज वाहते हे रेडिओच्या कितीतरी आधी तारायंत्राने दाखवून दिले. १८३८ मध्ये कार्ल स्टाइनहाइल या जर्मन शास्त्रज्ञाने एकाच तारेवर तारायंत्र चालवले आणि प्रवाहाच्या परतीचा मार्ग म्हणून जमीन वापरली. दुसऱ्या तारेचा खर्च त्यामुळे वाचला. पुढच्याच वर्षी कलकत्त्याजवळ विल्यम ओशॉनेसी यांनी एकवीस मैलांच्या तारेवर प्रयोग केले. त्यांत हुगळी नदीचे पाणीच विद्युत्‌मंडलाचा एक भाग होते. १८५४-५५ मध्ये कलकत्ता, आग्रा आणि मुंबई तारेने जोडली गेली, तेव्हा दोन्ही टोकांना तार जमिनीत उतरवणे हा नेहमीचा रिवाज झाला होता. आज घराच्या मागच्या अंगणात अर्थिंगसाठी खड्डा खणतात, त्यात नळी किंवा पत्रा उभा करून भोवती मीठ-कोळसा भरतात आणि उन्हाळ्यात त्यावर पाणी ओततात. त्यामागचे ज्ञान हेच आहे. ओली आणि खारी माती वीज सहज वाहते. कोरडा दगड तिला अडवतो.

जमिनीत सोडलेला प्रवाह दोन टोकांमध्ये सरळ रेषेत जात नाही. तो खोल आणि दूरवर पसरतो. मुंबईकरांना याची किंमत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कळली. कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्ये उभी राहिली आणि १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होऊ लागली. २ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावरून आलेल्या प्रचंड चुंबकीय वादळाची नोंद इथल्या उपकरणांनी केली. क्षैतिज चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरले. त्या वादळाच्या जगभरातल्या मोजक्या नोंदींमध्ये कुलाब्याची नोंद फार मोलाची मानली जाते. त्याच दिवशी अमेरिकेत तारायंत्र चालवणाऱ्यांनी बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि जमिनीत आपोआप उमटलेल्या प्रवाहावर बोस्टन ते पोर्टलंड संदेश पाठवले. पृथ्वीच्या कवचात वीज कशी फिरते याचा इतका थेट पुरावा तोवर मिळाला नव्हता.

मुंबईच्या घोड्यांच्या ट्रामच्या जागी विजेच्या ट्राम आणायचे ठरले, तेव्हा वेधशाळेसमोर संकट उभे राहिले. ट्रामला वीज वरच्या तारेतून मिळते आणि ती रुळांतून परत जाते. रूळ जमिनीवरच टेकलेले असल्याने प्रवाहाचा एक भाग मातीत झिरपतो आणि वाट मिळेल तिथून पसरतो. त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. ट्राम सुटली, थांबली, चढाला लागली की ते बदलते, आणि वेधशाळेच्या नाजूक सुया प्रत्येक ट्रामबरोबर हलतात. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस १८९६ पासून या पदावर होते. चुंबकीय निरीक्षण त्यांनी खाडीपलीकडे अलिबागला हलवले. तिथल्या इमारतींसाठी आसपासचा काळा दगड वापरला नाही, कारण दख्खनच्या बेसाल्टमध्ये चुंबकीय खनिजे असतात. पोरबंदरचा फिका चुनखडी दगड आणून बांधकाम केले आणि लोखंड टाळले. १९०४ पासून दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग येथे एकाच वेळी निरीक्षणे चालली, म्हणजे जुनी आणि नवी मालिका विनाखंड जोडता येईल. १९०६ मध्ये कुलाब्याची चुंबकीय निरीक्षणे थांबली आणि ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी ग्रंथरूपाने १९१० मध्ये प्रसिद्ध केल्या. कुलाबा वेधशाळेचा वारसा चालवणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था १९७१ मध्ये स्वायत्त झाली. तिचे मुख्यालय आज नवीन पनवेलला म्हणजे याच जिल्ह्यात आहे आणि अलिबागच्या नोंदी आजही चालू आहेत. विज्ञानाच्या इतिहासात इतक्या दूरदृष्टीने आणि इतक्या शांतपणे घेतलेले निर्णय फार थोडे सापडतात.

ट्रामचा प्रवाह एकाच दिशेने वाहणारा, म्हणजे वारंवारता जवळजवळ शून्य असलेला. म्हणूनच तो मातीत इतका दूर पसरतो. वारंवारता वाढत गेली की चित्र बदलते. विद्युत्‌चुंबकीय लहर मातीत शिरली की ती मातीतल्या विद्युत्‌भारांना हलवते. त्या हालचालीत तिची ऊर्जा उष्णता होऊन जाते आणि लहर क्षीण होत जाते. ज्या खोलीवर तिच्या क्षेत्राची तीव्रता मूळच्या सुमारे ३७ टक्के उरते, तिला भेदन-खोली म्हणता येईल. माती जितकी चांगली विद्युत्‌वाहक आणि वारंवारता जितकी जास्त, तितकी ही खोली कमी. चांगल्या वाहक मातीत हा संबंध वर्गमुळाचा असतो. वारंवारता शंभरपट वाढवली की खोली दहापट घटते.

ढोबळ आकड्यांनी फरक डोळ्यांत भरतो. समुद्राच्या पाण्याची रोधकता पाव ओह्म-मीटरच्या आसपास असते. खारेपाटासारख्या ओल्या, खाऱ्या चिकणमातीची एक ते पाच ओह्म-मीटर. सलग, कोरड्या बेसाल्टची शेकड्यांपासून हजारांपर्यंत. चिकणमातीसाठी दोन आणि कातळासाठी एक हजार धरले, तर १० किलोहर्ट्‌झच्या लहरीची भेदन-खोली समुद्रात अडीच मीटर, खाऱ्या मातीत सात मीटर आणि कातळात दीडशे मीटरहून अधिक निघते. मध्यम लहरींच्या १ मेगाहर्ट्‌झला समुद्रात पाव मीटर, खाऱ्या मातीत सत्तर सेंटिमीटर आणि कातळात पंधरा-वीस मीटर. लघुलहरींच्या ७ मेगाहर्ट्‌झला खाऱ्या मातीत जेमतेम वीतभर उरते. कातळात मात्र इथे वर्गमुळाचा नियम मोडतो आणि ती अजूनही पंधरा मीटरांच्या आसपास राहते.

समजा, पेणच्या खारेपाटात एक मीटर खोल तार पुरून १ मेगाहर्ट्‌झवर संदेश सोडला. फक्त त्या एका मीटरच्या मातीतच शक्तीचे पंधरा-सोळा भाग जाऊन एक भाग पृष्ठभागाला पोहोचेल. ७ मेगाहर्ट्‌झला दीड-दोन हजारांतला एक भाग कसाबसा वर येईल. रोह्याच्या कोरड्या कातळात तीच तार तितकीच खोल असेल, तर एका मीटरचा अडसर फारसा जाणवणारही नाही. तारेच्या अगदी भोवतीच्या मातीत जी ऊर्जा तापण्यात जाते ती वेगळीच. म्हणून पुरलेल्या तारेवर रबराचे किंवा प्लास्टिकचे जाड आवरण घालतात. उघडी तार मातीला टेकली तर प्रवाह जागोजागी झिरपून जातो आणि टोकापर्यंत पोहोचतच नाही. आवरण असले की तो तारेवरून पुढे सरकतो, पण मातीच्या सान्निध्याने मंदावतो, म्हणून पुरलेल्या तारेतली तरंगलांबी हवेतल्यापेक्षा बरीच आखूड होते.

पृष्ठभागाशी आल्यावर लहरीला आणखी एक अट पाळावी लागते. प्रकाश पाण्यातून हवेत येताना वाकतो आणि ठरावीक कोनापलीकडे परत पाण्यातच परावर्तित होतो, तसेच इथेही घडते. कातळातून वर येणारी लहर लंबाशी सुमारे वीस अंशांच्या शंकूत असेल तरच हवेत निसटते. खाऱ्या ओल्या मातीत हा शंकू इतका अरुंद होतो की लहर जवळजवळ सरळ वरच निघते. त्या शंकूच्या कडेला आलेली लहर हवेत उडून न जाता पृष्ठभागाला चिकटून पुढे सरकते. पुरलेल्या अँटेनाचे खरे रहस्य या कडेवरच्या लहरीत आहे. संदेश जमिनीतून आडवा प्रवास करत नाही. तो सर्वांत जवळच्या वाटेने वर येतो, पृष्ठभागावरून हवेत धावतो आणि दुसऱ्या टोकाला तार पुरलेली असेल तर तिच्यावर येऊन पुन्हा खाली उतरतो. दोन्ही तारा जमिनीत असल्या तरी दोघींमधला जवळजवळ सगळा प्रवास हवेतच होतो.

हे सूत्र आज सोपे वाटते, पण ते हाती येण्याआधी मोठी चूक घडली आणि तीही एका कल्पक माणसाकडून. मार्कोनीने १९०१ मध्ये अटलांटिकपार संकेत नेल्यावर मोठ्या केंद्रांचे मनोरे उंच होत गेले. जर्मनीत फ्रांत्स किबिट्झ यांनी १९११-१२ च्या सुमाराला जमिनीलगत किंवा जमिनीत टाकलेल्या तारांनी दूरचे संदेश घेऊन दाखवले. अमेरिकेत मेरिलँडमधल्या हायट्सव्हिल येथे जेम्स हॅरिस रॉजर्स यांनी चर खणून त्यांत लांबच लांब आवरणयुक्त तारा पुरल्या. पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरल्यावर तिथल्या नौदलाने या तारा वापरात घेतल्या. युरोपातील मोठ्या केंद्रांचे संदेश त्यांच्यात येत होते आणि विशेष म्हणजे वादळी हवेतली कडकड, जिने उंच अँटेनावर कान बधिर व्हायचे, ती फार कमी ऐकू येत होती. रॉजर्स यांना पेटंटे मिळाली. युद्धकाळात ही गोष्ट गुप्त ठेवली गेली आणि १९१९ मध्ये मासिकांतून ती झळकली.

रॉजर्स यांची खात्री होती की लहरी पृथ्वीच्या पोटातून येतात आणि मार्कोनीच्या मनोऱ्याचे खरे काम त्याचा जमिनीत पुरलेला भागच करतो. त्यांचे प्रयोग खरे होते, स्पष्टीकरण चुकले होते. योग्य उत्तर त्यांच्या आधीच कागदावर उतरले होते. योनाथन त्सेनेक यांनी १९०७ मध्ये दाखवले होते की अपूर्ण वाहक जमिनीवरून जाणारी लहर ताठ उभी राहत नाही. जमीन तिचे पाय ओढून धरते आणि ती पुढे झुकते. या झुकण्यामुळे तिच्यात जमिनीला समांतर असा एक विद्युत्‌घटक येतो. तोच जमिनीत उतरून आडव्या तारेत प्रवाह उठवतो. १९०९ मध्ये आर्नोल्ड झोमरफेल्ड यांनी जमिनीलगतच्या अँटेनाचे पूर्ण गणित मांडले. रॉजर्स यांच्या तारांना कडकड कमी ऐकू येई, कारण आडवी तार आपल्या टोकांच्या दिशेने येणाऱ्या लहरी घेते आणि बाकी दिशांचा गोंगाट टाळते. त्याच तत्त्वावर हॅरल्ड बेव्हरेज यांनी १९२०च्या सुमारास जमिनीपासून थोड्याच उंचीवर ताणलेली मैलभर लांब तार बनवली. हौशी रेडिओवाले ती आजही ‘बेव्हरेज’ म्हणूनच ओळखतात.

लहर पुढे झुकते ती वाईट वाहक जमिनीवर जास्त आणि चांगल्या वाहक जमिनीवर कमी. समुद्रावर आणि खारेपाटासारख्या जमिनीवर ती जवळपास ताठ चालते, म्हणून तिथल्या पुरलेल्या तारेला पकडायला फार थोडे उरते. रोह्याच्या कातळावर ती नीट झुकते. पुरलेल्या तारेसाठी कातळ हाच खरा मित्र.

युद्धाच्या खंदकांत याच काळात आणखी एक पद्धत होती, आणि पुरलेल्या तारेशी तिची गल्लत होते म्हणून तिचा निर्देश करावा लागतो. फ्रेंचांनी आणि नंतर ब्रिटिशांनी दोन लोखंडी खुंट्या काही अंतरावर जमिनीत ठोकून त्यांच्यातून गुणगुणता प्रवाह सोडला. समोरच्या खंदकात तशाच दोन खुंट्या आणि व्हॉल्व्हचा प्रवर्धक लावून तो ऐकला. पल्ला एखाद-दोन मैलांचा होता. इथे रेडिओ लहर जवळजवळ नव्हतीच. वारंवारता आवाजाच्या पट्ट्यातली होती आणि प्रवाह खरोखरच मातीतून पसरत होता, मुंबईच्या ट्रामच्या झिरपलेल्या प्रवाहासारखा. शत्रूच्या टेलिफोनचा जमिनीत गळालेला प्रवाह ऐकण्यासाठीही हीच साधने वापरली गेली.

१९२७ साली महाराष्ट्रात रेडिओच्या दोन मोठ्या घटना एकामागून एक घडल्या. २३ जुलैला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. वरळीच्या प्रक्षेपकाची शक्ती दीड किलोवॉट होती आणि तरंगलांबी साडेतीनशे मीटरच्या थोडी वर, म्हणजे मध्यम लहर. सप्टेंबरमध्ये पुण्याजवळच्या खडकीहून इंग्लंडकडे लघुलहरींचा झोत सुटला आणि दौंडला तिकडून येणारा झोत पकडला जाऊ लागला. खडकी-दौंडसारख्या लघुलहरी केंद्रांच्या यशाने पुरलेल्या तारांचा काळ संपवला. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या विद्युत्‌भारित थरावर आपटून परततात, त्यांना जमिनीचा आधार लागत नाही. थोड्या शक्तीत खंड ओलांडता येऊ लागले, तेव्हा मैलोन्‌मैल चर कोण खणणार?

वरळीची गोष्ट मात्र जमिनीशी जोडलेली राहिली आणि तिने उलटी बाजू दाखवली. मध्यम लहर जमिनीला धरून चालते. वरळीहून पेण सरळ रेषेत चाळीस-बेचाळीस किलोमीटर आहे आणि त्यातला बराच भाग मुंबईचे बंदर, धरमतरची खाडी आणि खारेपाट यांनी व्यापलेला. या खाऱ्या वाटेवर लहरीचे नुकसान फार थोडे. रोहा सत्तर किलोमीटरच्या आसपास आहे आणि वाटेत डोंगर व कातळ येतात. तिथे तीच लहर भराभर क्षीण होते. जी खारी माती पुरलेल्या तारेला गिळते, तीच वरून जाणाऱ्या लहरीला सुखरूप नेते. जो कातळ पुरलेल्या तारेला मोकळे सोडतो, तोच वरच्या लहरीचे बळ खातो. जमिनीखालच्या रेडिओचा सगळा इतिहास या एका उलटापालटीभोवती फिरतो.

म्हणून मध्यम लहरींची मोठी केंद्रे समुद्रकाठच्या ओल्या जमिनी शोधतात. आकाशवाणी मुंबईचे मध्यम लहरींचे प्रक्षेपक मालाडच्या मालवणी भागात, खाडीजवळ आहेत. अशा केंद्रांतही तारा पुरतात, पण त्यांचे काम वेगळे. मनोऱ्याच्या पायथ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या तांब्याच्या तारा सगळीकडे जमिनीत पसरवतात. १९३७ मध्ये ब्राउन, लुइस आणि एपस्टाइन या अमेरिकी अभियंत्यांनी मोजमापे करून १२० आऱ्यांचा पाया मांडला आणि पुढे तोच जगभरचा नियम झाला. मनोऱ्यातून हवेत गेलेला प्रवाह जमिनीतून पायथ्याशी परत यावा लागतो. तांब्याची वाट मिळाली तर तो मातीत तापून वाया जात नाही. या तारा स्वतः काही प्रक्षेपण करत नाहीत, त्या मनोऱ्याचे पाय आहेत.

मराठी वाचकांना ‘भूमिगत रेडिओ’ म्हटले की १९४२ आठवते, आणि ते योग्यच आहे. उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्ट १९४२ च्या अखेरीला ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ सुरू केला. राममनोहर लोहिया त्याच्या पाठीशी होते. त्या तरंगलांबीला साधी अर्धलहर तार सुमारे एकवीस मीटर लांब आणि मोकळ्या हवेत ताणलेली हवी. माणसे, यंत्रे, कागद लपवता येत होते. तार मात्र छपरावरच जाऊ शके. ७ मेगाहर्ट्‌झची तार मुंबईच्या ओल्या भरावात पुरून ठेवली असती तर देशभर ऐकू जाण्याइतकी शक्ती वर आलीच नसती. म्हणून केंद्र सतत जागा बदलत राहिले. दिशा शोधणारी यंत्रे घेऊन पोलीस मागावर होते आणि १२ नोव्हेंबर १९४२ रोजी ते पोहोचले. अवघ्या अडीच महिन्यांच्या या प्रसारणामागचे धाडस लहरींच्या या नियमांकडे पाहिल्यावर अधिकच मोठे दिसते. बावीस वर्षांच्या एका विद्यार्थिनीने प्रत्येक रात्री उघड्यावर तार ताणलेल्या जागेतून बोलायचे होते.

पुरलेली अँटेना खऱ्या अर्थाने परत आली ती अण्वस्त्रांच्या भीतीतून. १९५०-६० च्या दशकांत अमेरिकेने क्षेपणास्त्रांचे नियंत्रण कक्ष जमिनीखाली बांधले. वर स्फोट झाला तर कुठलाही मनोरा उभा राहणार नव्हता, म्हणून अँटेनाही जमिनीत हवी होती. पुरलेल्या अँटेनांच्या आराखड्यावर अभ्यास झाले आणि १९६३ मध्ये जमिनीतील विद्युत्‌चुंबकीय लहरींवर अभियंत्यांच्या एका नामांकित नियतकालिकाने पूर्ण विशेषांक काढला. जेम्स वेट यांच्यासारख्यांनी झोमरफेल्ड यांचे अवघड गणित अभियंत्याच्या हाती वापरता येईल अशा रूपात आणले. वर येणे, पृष्ठभागावरून जाणे, खाली उतरणे ही तीन टप्प्यांची कल्पना तेव्हाच पक्की झाली. रॉजर्स यांच्या तारा का चालल्या याचे उत्तर शेवटी त्यांच्या मृत्यूनंतर तीनेक दशकांनी सर्वमान्य झाले.

पाणबुड्यांचा प्रश्न याहून कठीण होता. समुद्रात ७६ हर्ट्‌झची भेदन-खोली सुमारे २९ मीटर असते. इतक्या खाली उतरणारी लहर निर्माण करायला मात्र प्रचंड अँटेना लागते, कारण तिची हवेतली तरंगलांबी जवळपास चार हजार किलोमीटर आहे. अमेरिकेने १९६८ मध्ये विस्कॉन्सिन राज्याची निवड केली ती तिथल्या जुन्या, कोरड्या, वीज अडवणाऱ्या ग्रॅनाइटसाठी. पहिल्या बेतात राज्याच्या सुमारे दोन-पंचमांश भागाखाली केबल पुरायची होती. लोकांनी तीव्र विरोध केला आणि बेत आकसत गेला. १९८९ मध्ये क्लॅम लेक येथे जे केंद्र चालू झाले त्याच्या तारा खांबांवरच होत्या आणि फक्त टोके खोल जमिनीत उतरली होती. तारेतून गेलेला प्रवाह कातळ अडवत असल्याने खूप खोल उतरून परत येई, आणि जमिनीखाली उभ्या राहिलेल्या या अवाढव्य वेटोळ्यातूनच लहर निघे. हे केंद्र सप्टेंबर २००४ मध्ये बंद झाले. भारताने पाणबुड्यांसाठी थोडी वरची, किलोहर्ट्‌झमधली वारंवारता घेतली. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ आयएनएस कट्टबोम्मन हे नौदलाचे केंद्र १९९० पासून आहे आणि त्याचे आकाशक उंच मनोऱ्यांवर आहेत.

रोह्याची कहाणी इथे पुन्हा सुरू होते, वेगळ्या रूपात. १९८६ मध्ये आपट्याहून पेण, कासू, नागोठणे, निडी करत लोहमार्ग रोह्याला पोहोचला. १५ सप्टेंबर १९९० रोजी रोह्यालाच कोकण रेल्वेची कोनशिला बसली. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली काम झाले, १९९३ मध्ये रोहा ते वीर गाडी धावली आणि २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्ग खुला झाला. या मार्गावर ९१ बोगदे आहेत, एकूण सुमारे ८४ किलोमीटरचे. त्यांतला रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा. आता अँटेना पुरायची नव्हती, तर जमिनीच्या पोटात गेलेल्या माणसापर्यंत रेडिओ पोहोचवायचा होता.

डोंगराच्या शंभर मीटर कातळाखाली बाहेरची वॉकी-टॉकीची लहर पोहोचत नाही. बोगद्याच्या तोंडातून ती शिरते, पण ज्या लहरीची तरंगलांबी बोगद्याच्या रुंदीच्या मानाने मोठी, तिला आत वाटच नसते. म्हणून मध्यम लहरीवरचा रेडिओ बोगद्यात शिरताच गप्प होतो. १५० मेगाहर्ट्‌झची लहर काही शे मीटर जाते. त्याहून वरची लहर सरळ बोगद्यात बरीच दूर जाते, पण वळण आले की भिंतींवर आपटून संपते. कोकणातल्या बोगद्यांना वळणे असणार हे उघड आहे. गाडी आत असली की तिचा डबाच बोगदा अडवतो, ही आणखी एक अडचण.

याला जगभर जो उपाय रूढ झाला तो पुरलेल्या तारेच्या कल्पनेचाच वंशज आहे. १९५६ मध्ये मंक आणि विंबिग्लर या अमेरिकी अभियंत्यांनी बोगद्यातील गाड्यांशी बोलण्यासाठी भिंतीलगत केबल टाकण्याची पद्धत मांडली. पुढे बेल्जियमच्या कोळसाखाणींत तिचा मोठा अभ्यास झाला. साध्या समाक्ष केबलमध्ये लहर आतल्या तारेच्या आणि बाहेरच्या वेष्टनाच्या मधल्या जागेत कोंडलेली राहते. घराघरांत केबल टीव्हीसाठी येणारी जाड काळी तार अशीच असते. या विशेष केबलच्या बाहेरच्या वेष्टनाला ठरावीक अंतरावर फटी पाडतात किंवा ते विरळ विणतात. लहर पुढे सरकताना प्रत्येक फटीतून थोडी थोडी गळते, आणि बोगद्यात कुठेही उभ्या असलेल्या माणसाच्या संचापर्यंत तिला फक्त काही मीटर हवा ओलांडावी लागते. उलट दिशेने त्याचा आवाज त्याच फटींतून आत शिरतो. केबलमध्येच लहर क्षीण होत जाते, म्हणून ठरावीक टप्प्यांवर प्रवर्धक बसवतात. भिंतीला केबल चिकटवली तर ओल्या दगडात ऊर्जा जाते, म्हणून ती भिंतीपासून थोडी दूर, चिमट्यांवर धरतात. पावसाळ्यात सह्याद्रीच्या बोगद्यांच्या भिंती पाझरतात, तिथे ही काही सेंटिमीटरची फट फार महत्त्वाची ठरते.

फटी किती आणि किती अंतरावर पाडायच्या हा आराखड्याचा गाभा आहे. जास्त पाडल्या तर ऊर्जा सुरुवातीलाच गळून जाते आणि दूरच्या टोकाला काही उरत नाही. कमी पाडल्या तर शेवटपर्यंत पुरेशी जाते, पण वाटेतल्या माणसाला ऐकू येत नाही. त्यामुळे लांब बोगद्यांसाठी सुरुवातीला फटी विरळ आणि टोकाकडे दाट अशाही केबली बनवतात, म्हणजे आत कमी झालेली लहर बाहेर समान राहते.